पानात दिसलेली बाई

दावणगेरेतल्या सतरा नंबरच्या वठारात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. एका फाटकाच्या आत सहा बिऱ्हाडं, मध्ये अंगण, आणि त्या अंगणात शेजारच्या गल्ल्यांमधली माणसंसुद्धा येऊन चिकटली होती. कारण अंजनप्पा आले होते. मालकीण सर्वमंगलाक्कांच्या घरात गादीवर बसून त्यांनी बेण्णे डोसे ओरपले होते. लोणी अजून मिशांना होतं, आणि त्याच बोटांनी ते विड्याच्या पानाला काजळ आणि एरंडेल फासत होते.

महिनाभर वठारातली पार्सलं गायब होत होती. फोनवर 'पोचलं' असा निरोप यायचा आणि फाटकाशी काहीच नसायचं. मग एका सकाळी अंजनप्पा आपणहून दारात उभे राहिले. कोणी तोंड उघडायच्या आत त्यांनी सहाही बिऱ्हाडांची नावं घेतली, कोणी काय मागवलं होतं ते सांगितलं, आणि पाण्याच्या टाकीमागे बोट दाखवलं. तिथे भाडेकरू रुद्रेशचं साबणदाण्यांचं खोकं सापडलं. त्या दिवसापासून वठार त्यांच्या पायाशी लोळण घेत होतं. "साबणदाणी सापडते, मोबाइल कसा सापडत नाही?" असं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या शिवलीलेनं एकदा विचारलं, तर सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती चपला घालून देवघरात शिरली होती.

आज ती कॉलेजातून परतली तेव्हा फाटकातच तिला तेलाचा वास आला. अंगणात तीन दगडांवर कोपऱ्यावरच्या मिरची-भजीच्या गाड्यावरची कढई चढली होती.

"हे काय, रुद्रेश? भजी कोण खाणार एवढी?"

"भजी नाही हो मिस. सर्वमंगलाक्कांच्या लेकीच्या डोहाळजेवणासाठी मागवलेली रेशमी साडी गेली ना, तिचा चोर आज ठरणार. ठरला की त्यानं उकळत्या तेलातून नाणं काढायचं. निर्दोष असेल तर भाजत नाही."

"आणि भाजलं तर?"

"तर चोर. आणखी काय?"

तो हे अगदी सहज म्हणाला. ती गर्दीतून वाट काढत आत गेली.

अंजनप्पांचं चऱ्हाट चालूच होतं. "हे साधं काजळ नव्हे, मंत्रतंत्राच्या कोळ्ळेगाल गावाहून आणलेलं अंजन आहे. मन स्वच्छ असेल त्यालाच यात चोर दिसतो. पापी माणसाला नुसतं काळं दिसतं." एवढं ऐकल्यावर मला काही दिसत नाही, असं म्हणायची कोणाची छाती होती? "अक्का, तुम्ही दाराकडे पाठ करा. आणि होन्नव्वा, तू तबक घेऊन दारात उभी राहा. आत काही वाईट यायला नको."

होन्नव्वा सहाही बिऱ्हाडांची भांडी घासायची. राखेचे हात पदराला पुसून ती आरतीचं तबक घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. सर्वमंगलाक्का पानात डोळे घालून बसल्या.

"दिसतंय," त्या पुटपुटल्या. "बाई आहे. हातात गोल गोल काहीतरी आहे. डोक्यावर पदर... अय्यो शिवा, ही तर आपली होन्नव्वाच."

गर्दीतून एक सुस्कारा निघाला. सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक असल्यासारखा तो सुस्कारा होता. होन्नव्वा उंबऱ्यावरूनच बोलली.

"अक्का, वीस वर्षं मी तुमच्याकडे राबते. कधी साखरेच्या डब्याला हात लावला का?"

"मी कुठे म्हणते? पान म्हणतंय," सर्वमंगलाक्का तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

"चला, तेल तापलंय," अंजनप्पा म्हणाले.

"थांबा," शिवलीला पुढे झाली. "मलाही बघू द्या. पापी असेन तर कळेलच सगळ्यांना."

अंजनप्पांचा चेहरा कडवट झाला, पण चारचौघांत नाही म्हणता येईना. शिवलीलेनं पान हातात घेतलं आणि दाराकडे पाठ केली. काळ्या, तेलकट पानात छोटीशी होन्नव्वा तबक घेऊन उभी होती.

"खरंच दिसते हो. होन्नव्वा, जरा बाजूला हो बघू."

होन्नव्वा सरकली. पानातली बाईही सरकली.

"रुद्रेश, तुम्ही उभे राहा दारात. अक्का, आता बघा, कोण दिसतं?"

सर्वमंगलाक्कांनी पानात पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, मग पुन्हा पानात. "रुद्रेश," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"मग घाला त्यांचा हात तेलात."

"माझा कशाला?" रुद्रेश दारातून टुणकन खाली उतरला.

"अहो, काळं, तेल लावलेलं पान म्हणजे आरसा. जो उजेडात उभा, तो दिसणार. यांनी कोणाला दारात उभं केलं, एवढंच बघायचं."

कोणीतरी फिसकन हसलं. अंजनप्पा मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "अविश्वासी बाईचा हात लागला, अंजन बाटलं. ठीक आहे, पान आरसा. मग तुमच्या खोक्यांत काय काय होतं, हे मला कोणी सांगितलं, मिस?"

गर्दी पुन्हा त्यांच्या बाजूनं डुलली. हा प्रश्न शिवलीलेलाही पंधरा दिवस छळत होता. पण आत येताना फाटकाशी तिनं त्यांच्या खडावा पाहिल्या होत्या. एकीची पितळी खुंटी तुटलेली, तिथे लाल दोरा गुंडाळलेला. हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय, असं तिला वाटलं होतं, आणि कुठे ते आत्ता आठवलं. तिनं फोन काढला.

"पार्सल पोचवणारा दारात ठेवून फोटो काढतो, तो तुमच्यापैकी कोणी नीट बघितलाय? मीही नाही. खोकं दिसलं की पुढे सरकले. हा बघा माझा. उंबऱ्यावर खोकं, आणि शेजारी?"

फोन हातोहात फिरला. उंबऱ्याशी दोन खडावा होत्या, एकीला लाल दोरा. रुद्रेश फाटकाशी जाऊन त्याच खडावा उचलून घेऊन आला.

"स्वामी, तुम्ही राहता कुठे?" शिवलीलेनं विचारलं.

अंजनप्पा फाटकाकडे बघू लागले. उत्तर भजीवाल्यानं दिलं. "फोर्थ मेन, थर्ड क्रॉस. नव्यानं आलेत. सतरा नंबर."

आणि हे वठार थर्ड मेन, फोर्थ क्रॉसवरचं सतरा नंबर. मेन म्हणजे मोठा रस्ता, क्रॉस म्हणजे त्याला छेदणारी गल्ली; ते उलटसुलट करून अख्खं गाव रोज चुकतं, पार्सलं पोचवणारी नवी पोरं तर चुकणारच. चोरी झालीच नव्हती. वाट चुकलेली पार्सलं या माणसाच्या दारात आयती पडत होती. हा ती फोडायचा, वरची नावं वाचायचा, स्वस्तातलं एखादं टाकीमागे टाकून दैवी दृष्टी मिरवायचा आणि महागडं पचवायचा. पचलेल्याचा हिशोब विचारला जाऊ नये म्हणून त्याला चोर हवा होता, आणि चोर म्हणून त्यानं उलटून बोलू न शकणारी बाई निवडली. शिवलीलेला त्याच्याकडे बघवेना. पण खरं सांगायचं तर तिला त्या गर्दीकडेही बघवत नव्हतं.

सगळे फोर्थ मेनला गेले. खोकी पलंगाखाली होती. साडी मात्र देवीच्या मूर्तीला नेसवलेली होती, म्हणजे कोणाची हात लावायची छाती होऊ नये. आणि झालंही तसंच. "देवीच्या अंगावरची कशी काढू गं?" म्हणत सर्वमंगलाक्का दारातच थबकल्या. शेवटी होन्नव्वा पुढे झाली. तिनं निऱ्या सोडवल्या, साडीची घडी केली आणि मालकिणीच्या हातात ठेवली. देवी काही बोलली नाही.

पोलिसांना फोन झाला. अंजनप्पाला वठारात आणून बसवलं. अंगणातली कढई अजून कडकडत होती, ती उतरवायचं कोणाला सुचलं नव्हतं. होन्नव्वा तिच्याकडे बघत उभी राहिली.

"अक्का, आता याला सांगा ना तेलात हात घालायला."

"काहीतरीच काय बोलतेस," सर्वमंगलाक्का पटकन म्हणाल्या. "हात भाजेल ना त्याचा."

आपण काय बोललो ते सर्वमंगलाक्कांना उमगलं, आणि त्या खाली बघू लागल्या.

तेल कोणालाही भाजतं, हे तिथल्या प्रत्येकाला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यासाठी पदार्थविज्ञान शिकावं लागत नाही. जे ठाऊक आहे ते दुसऱ्याचा हात पणाला लागला असताना आठवायचं, एवढीच बुद्धी देवानं माणसाकडे मागितली असती, जर त्याला काही मागायचंच असतं तर. होन्नव्वानं पदर दुमडून कढई धरली, चुलीवरून खाली उतरवली आणि घासायची भांडी तशीच टाकून ती फाटकाबाहेर निघून गेली.