निळ्या गाडीला नऊ गुण

नंदकुमार कर्णिकांच्या घरात तक्ता मांडल्याशिवाय साधा मिक्सरही आला नव्हता. आयुष्यभर पुलांचे आराखडे तपासलेला माणूस. दोन गोष्टींतली एक निवडायची तर आधी कागदावर चौकटी आखायच्या, ही त्यांची खोड. त्यामुळे साठी उलटल्यावर एकदाची भारीतली गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा मुलुंडच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर तक्ता आलाच. तीन गाड्या आणि प्रत्येकीपुढे तीन चौकटी: आराम, दर्जा, मोल. गुण दहापैकी, आणि ते द्यायचे ड्रायव्हरने, म्हणजे चंद्रप्रकाशने.

"चालवणार तू आणि मागे बसणार ही," साहेब म्हणाले. "मी नुसता सही करणारा."

ही म्हणजे माणिकवहिनी. त्यांच्या कमरेचा मणका सरकला होता. जुन्या गाडीत खड्डा आला की त्या ओठ मिटून घ्यायच्या, आणि चंद्रप्रकाशला ते समोरच्या आरशात दिसायचं. खड्डा जणू त्यानेच खणला असावा तसा तो ओशाळायचा. एकोणीस वर्षं तो या घराची गाडी चालवत होता. वहिनी त्याला घरातल्याच कपात चहा द्यायच्या आणि गणपतीला गावी निघाला की त्याच्या बायकोसाठी, शेवंतीसाठी, साडी द्यायच्या. अशा माणसांच्या विश्वासाला तडा जाईल असं काही आपल्या हातून होऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती, आणि आठ महिन्यांपासून तो रोज नेमकं तेच करत होता.

आठ महिन्यांपूर्वी पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रापुढे बसवलं, दिवे दिसतील तेव्हा बटण दाबायला सांगितलं, आणि मग बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. थेंब घालून आहे तेवढी टिकवायची, आणि गाडी आजपासून बंद. चंद्रप्रकाश बरं म्हणाला, खाली आला आणि गाडी काढून साहेबांना आणायला अंधेरीला गेला.

घाटकोपरच्या टेकडीवरच्या खोलीत त्याने शेवंतीला सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. तिचा विश्वास बसला नाही. एकदा थेंबांची बाटली हातात घेऊन ती म्हणाली, "माका खरा सांगा, डोळ्यांचा काय ता." तो तिच्यावर खेकसला आणि विषय तिथेच मिटला. लेकीचं, प्रांजलचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. तेवढं एक वर्ष ढकललं की आपणच साहेबांना सांगून मोकळं व्हायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. तोवर त्याने मान वळवून बघायची सवय लावून घेतली. प्रत्येक वळणाला, प्रत्येक सिग्नलला पूर्ण मान डावीकडे. साहेबांच्याही ते लक्षात आलं. हल्ली चंद्रप्रकाश डोळ्यांत तेल घालून चालवतो, असं ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. तो खाली मान घालून ऐकायचा.

चालवून पाहिलेली पहिली गाडी पांढरी होती. मागच्या सीटवर टेकताच वहिनींनी डोळे मिटले आणि जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याचे सगळे खड्डे संपले तरी उघडले नाहीत. उतरताना त्या म्हणाल्या, किती दिवसांनी कंबर आहे हे विसरले होते. फक्त गाडीचं पोट खाली, सोसायटीच्या गतिरोधकाला घासलं असतं, पण ते काय, तिरकी घातली की निघते. चंद्रप्रकाशने आरामापुढे मनात नऊ लिहिले.

दुसरी करडी. दर्जात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दार मिटल्याचा आवाजसुद्धा भरदार. शिलाई सरळ, बटणं घट्ट, कुठे कुरकुर नाही. पण मागची सीट ताठ, आणि वहिनींनी दोनदा पाठीमागे उशी मागितली.

तिसरी निळी. मागची सीट ठीकठाक, दर्जा ठीकठाक, किंमत तिघींत कमी. ती तक्त्यात मधेच कुठेतरी बसली असती. पण शोरूमच्या नितेशने गाडी सुरू केली आणि पुढच्या पडद्यावर गाडी वरून दिसायला लागली. गच्चीवरून खाली पाहावं तशी. चारी बाजूंना कॅमेरे होते. नितेश मुद्दाम डाव्या चाकापाशी जाऊन उभा राहिला, तर पडद्यावर त्याचं डोकं दिसलं आणि गाडी टुकटुक वाजायला लागली. चंद्रप्रकाश मान न वळवता डावीकडचं बघत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा. त्याने खोकल्याचं सोंग करून डोळे पुसले.

त्या संध्याकाळी टेबलाशी बसून त्याने निळ्या गाडीला आरामात नऊ दिले. पांढरीला सहा. का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की पांढरीची सीट मऊ आहे खरी, पण मऊ सीट कमरेला वाईट, लांबच्या प्रवासात कळेल. आणि पोट घासणार ते वेगळंच. एकोणीस वर्षांत तो साहेबांशी गाडीबद्दल कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे हे खोटं लगेच खपलं. वहिनी म्हणाल्या, मला तर पांढरी आवडली होती, पण त्याला जास्त कळतं. हे ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने गुण बदलले नाहीत.

गाडी नोंदवायला गेले तेव्हा साहेबांनी मोलाच्या चौकटीवर बोट ठेवलं. निळ्या गाडीतही दोन प्रकार होते. सीट तीच, इंजिन तेच. फरक म्हणजे वर उघडणारं काचेचं छप्पर, भारी स्पीकर आणि ते कॅमेरे. खालच्या प्रकारात फक्त मागचा एक. साहेबांनी खालच्या प्रकारावर खूण केली.

चंद्रप्रकाशच्या पायाखालची जमीन सरकली. धीर करून तो म्हणाला, "साहेब, कॅमेरे असलेले बरे."

साहेब हसले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नितेशला म्हणाले, "ज्यांच्याकडे चंद्रप्रकाश नाही, त्यांना दे तुझे कॅमेरे."

यावर बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला अभिमानही वाटला, आणि या अभिमानाची लाज त्याला पुढे जन्मभर पुरणार होती.

गाडी आली तो रविवार होता. सोसायटीच्या आवारात वहिनींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, ओवाळलं, नारळ वाढवला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. आता गाडी वीतभर पुढे घ्यायची, लिंबं फुटली की दृष्ट गेली. चंद्रप्रकाश आत बसला. साहेब उजवीकडच्या काचेशी मोबाइल घेऊन उभे राहिले, चित्रफीत घ्यायला. मुलांना अमेरिकेत पाठवायची होती.

"इकडे बघ," ते म्हणाले. "जरा हस की. हां, घे पुढे."

आवाराला डावीकडे उतार होता. पुढच्या डाव्या चाकाखालचं लिंबू घरंगळलं होतं आणि वहिनी ते परत चाकाखाली सारायला वाकल्या होत्या. आठ महिने चंद्रप्रकाश डावीकडे मान वळवल्याशिवाय गाडी हलवत नव्हता. त्या एका वेळी तो साहेबांकडे बघून हसला आणि त्याने ब्रेकवरचा पाय उचलला. चाकाखाली काहीतरी फुटल्याचा बारीक आवाज आला. लिंबू, असं त्याला वाटलं.

मग वहिनी ओरडल्या.

गाडी मागे घेऊन त्यांचा हात सोडवला. चार बोटं कुठल्या कुठे वळली होती. नवी गाडी झाकून आलेलं शोरूमवाल्यांचं लाल कापड कोणीतरी त्याभोवती गुंडाळलं. साहेबांनी वहिनींना मागच्या सीटवर घेतलं आणि ओरडले, चल. दुसरं कोणी चालवेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. त्याच्याही आलं नाही. त्याने गाडी काढली.

हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. मागे वहिनी कण्हत होत्या. तशातही त्या मधेच म्हणाल्या, "तुझी चूक नाही रे. मलाच वाकायला नको होतं."

साहेबही म्हणाले, "तिकडे लक्ष देऊ नकोस, तू चालव."

डावीकडचं वळण आलं. त्याने मान वळवली, पण डोळे भरले होते आणि जे एरवी दिसायचं तेही दिसेना. स्कूटरवाला जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवत काचेला घासून गेला आणि शिवी देऊन पुढे निघून गेला. चंद्रप्रकाशने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"साहेब, तुम्ही चालवा. मला डावीकडचं दिसत नाही."

साहेब वहिनींचा हात तसाच धरून पुढे वाकले.

"कधीपासून?"

"आठ महिने झाले." मग विचारलं नव्हतं तेही तो बोलला. "वरच्या प्रकाराला कॅमेरे होते, साहेब. म्हणून नऊ दिले होते."

साहेबांनी वहिनींचा हात त्यांच्याच मांडीवर अलगद ठेवला. ते उतरले, पुढे आले आणि दार उघडलं. त्यांचा चेहरा पाहायची चंद्रप्रकाशची छाती झाली नाही.

"उतर," साहेब म्हणाले.

तो उतरला. एकोणीस वर्षांत साहेबांनी मुंबईत गाडी चालवली नव्हती. सीट पुढे कशी घ्यायची ते त्यांना सापडेना, तेव्हा त्यानेच खाली वाकून कळ दाखवली. साहेबांनी दार ओढून घेतलं. पुढची डावी सीट रिकामी होती, पण बस असं कोणी म्हणालं नाही. मागच्या काचेतून वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, राग नव्हता, नुसत्या बघत होत्या. गाडी हिसका देत निघाली. बॉनेटवरचा हार अजून तसाच होता. ती डावीकडे वळली, आणि तिला जाताना पाहण्यासाठी चंद्रप्रकाशला पूर्ण मान वळवावी लागली.