ठिगळाची कड

शिंपीणबाईंच्या नवऱ्यानं अकरा वर्षं खपून घरामागच्या शेडमध्ये विमान बांधलं. खेळण्यातलं नव्हे हो, दोन माणसांचं, खरंखुरं, उडालं की चाकं पोटात मिटून घेणारं! घोडं अडलं ते त्या चाकांच्या पायांपाशीच. विमान साखळीनं गुडघाभर वर उचलायचं आणि सोडून द्यायचं, अशी पायांची परीक्षा. दुसऱ्या सीटवर वाळूचं पोतं, बरोब्बर बाईंच्या वजनाचं. कारण बाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "मेले तरी त्यात बसायची नाही."

पहिल्यांदा सोडलं तेव्हा डाव्या पायाच्या नळीला बिजागरीजवळ चीर गेली. नवऱ्यानं नवी नळी घातली, तिच्यावर जाड पट्टी वेल्ड केली. पुन्हा सोडलं. पट्टी ठणठणीत, चीर मात्र पट्टीला अगदी लागून. मग आणखी जाड पट्टी. पुन्हा तेच! हा उद्या खरंच उडाला आणि उतरताना पाय मोडला तर? हातातला चहा तसाच ठेवून बाई वाकल्या, चिरेवरून बोट फिरवलं आणि त्यांना हसूच फुटलं.

"अहो, विजारीच्या गुडघ्याला जाडजूड चौकोनी ठिगळ लावलं, की कापड कुठं फाटतं?"

"ठिगळाच्या कडेला," नवरा म्हणाला.

"मग? पट्टी पातळ घ्या, लांब घ्या, टोकं निमुळती कापा. सगळा ताण एकाच रेघेवर कशाला?"

बाईंनीच खडूनं आकार काढून दिला. दोन्ही पायांना तशा पट्ट्या बसल्या. वीस वेळा सोडलं, केसाएवढी चीर नाही.

रविवारी सकाळी नवऱ्याला आणि त्या पोत्याला घेऊन विमान धावलं आणि उठलं. अगं बाई! अकरा वर्षं जिला सवत म्हणून शिव्या घातल्या ती झाडांच्या वर गेली, आणि दोन्ही पाय अलगद पोटात मिटले. बाईंचा आ वासलेला तसाच राहिला. आपल्या घरामागून हे निघालं? आपल्या खडूची रेघ आत्ता तिथं वर आहे?

उतरताना पाय बाहेर आले. टेकले, उसळले, पुन्हा टेकले. सगळा भार त्या ठिगळांवर.

बाई धावत सुटल्या. नवऱ्याकडे न बघता थेट पंखाखाली शिरल्या, दोन्ही ठिगळांच्या कडा बोटानं चाचपल्या. गुळगुळीत.

"काय गं, काय लागतंय हाताला?" वरून नवऱ्याचा घाबरा आवाज आला.

बाईंनी डोळे पुसले.

"ते पोतं उतरवा आधी," त्या म्हणाल्या. "माझ्या जागेवर बसलंय ते."