वकीलसाहेबांचं विलायती वाद्य

अकोल्याच्या जुन्या शहरात कुर्बानभाईंचं ढोलक्या मढवायचं दुकान होतं, आणि ते बंद पडायच्या बेतात होतं. कापूस लागोपाठ तिसऱ्या वर्षी बुडाला, तशी खेड्यांतली लग्नं अर्ध्या दिवसात उरकू लागली. मग ढोलकी मढवतो कोण? घरी हलीमाबीनं सांगूनच टाकलं होतं, ईदपर्यंत काम आलं तर ठीक, नाहीतर दुकान भाड्यानं द्यायचं.

अशात अमरावतीचे कमलाकांत वकील एक पेटी घेऊन आले. पेटीत आखूड गळ्याचं, चार तारांचं वाद्य. पोट डफासारखं कातड्यानं मढवलेलं. बँजो युकुलेली म्हणे, ऐंशी वर्षांपूर्वीचं, विलायती. वकीलसाहेबांना जुनी वाद्यं जमवायचा नाद होता, वाजवायचा नव्हता.

"नुसती ही निखळलेली खुंटी बसवा. बाकी कशाला हात लावू नका," एवढं बजावून ते गेले.

आता हे सांगायचं कोणाला, तर कुर्बानभाईंना! कातडं पिवळं पडलेलं, कडेला चिरलेलं. तार छेडली की लाकडावर टिचकी मारल्यागत आवाज. चाळीस वर्षांत त्यांच्या उंबऱ्यावरून मुकं वाद्य बाहेर गेलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी बकरीचं पातळ कातडं भिजत घातलंच.

मढवून वाळलं तेव्हा त्यांनी शेजारच्या तौहीदला हाक मारली. तौहीद वरातीत बटणांचा बँजो वाजवायचा. त्या साली मात्र बहुतेक घरीच बसून होता. त्यानं तारा जुळवल्या, बोटं फिरवली, आणि आवाज असा खणखणीत निघाला की समोरचा पानवाला चुना लावायचा थांबला.

"चाचा, एवढुसं हाय, पण आख्ख्या बँडले भारी हाय नं बाप्पा," तौहीद म्हणाला. तासभर त्यानं ते खाली ठेवलं नाही. कुर्बानभाई खूश होते. लपवायचं कशाला, कैक महिन्यांत एवढे खूश झाले नव्हते.

वकीलसाहेब आले, पेटी उघडली, आणि नवं कातडं बोटानं चाचपलं. "जुनं कातडं कुठंय?"

"हाय नं, कड्यासकट ठेवलं. कावून?"

"त्याच्यावर बनवणाऱ्याची सही होती हो. अशी वाद्यं जगात नऊ-दहा उरली असतील. सहीवालं एखादंच."

"मेलं कातडं होतं थे, साहेब. सही वाजते का?"

"वाजवायचंय कोणाला, कुर्बानभाई?" वकीलसाहेबांचा आवाज रडवेला झाला होता. "होतं तसं करून द्या. मुंबई-पुण्याला माझ्यासारखे पुष्कळ आहेत. सगळ्यांची वाद्यं तुमच्याकडेच पाठवतो."

कुर्बानभाईंनी फळीवरून जुनं कातडं काढलं. मग त्यांनी नवं कातडं उतरवलं आणि जुनं होतं तसं, चिरेसकट बसवलं. तार छेडून पाहिली. टिचकी वाजली.

वकीलसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "जादू आहे तुमच्या हातात," ते म्हणाले. एवढी तारीफ कुर्बानभाईंची आजवर कोणी केली नव्हती, आणि त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

वकीलसाहेब शब्दाला जागले. दोन महिन्यांत मुंबईहून तीन पेट्या आल्या. प्रत्येकीत चिठ्ठी: कातडं बदलू नये. दुकान तगलं. हलीमाबी खूश आहे.

तौहीद येता-जाता डोकावतो. "चाचा, नवं काई आलं का?"

कुर्बानभाई पेटीचं झाकण लावतात. "काई नाई बाप्पा. तुह्या कामाचं काई नाई."