बेडकीचा खरा वाढदिवस

ब्रायनीने बेडकीला तिसऱ्यांदा पुसलं, तरी बेडकी होती तशीच दिसत राहिली. म्हणजे शिळ्या वाटाणा सूपाच्या रंगाची! बेनाला गावातल्या कुठल्याही पार्किंगमध्ये ही गाडी डोळे मिटून सापडेल, असं पॉप म्हणायचे. पॉप म्हणजे ब्रायनीचे आजोबा. हल्ली हा विनोद ते जरा हळू आवाजात करत, कारण त्यांचे डोळे खरंच मिटत चालले होते. मधलं सगळं धुरकट, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वसंतापर्यंत कडाही जातील.

पॉपनी चाळीस वर्षं जुन्या गाड्यांच्या क्लबात काढली होती. स्वतःची गाडी विकून तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून वसंतातल्या, म्हणजे तिथल्या ऑक्टोबरातल्या, क्लबच्या सफरीच्या दिवशी ते अंगणात बसून मॅगपाय पक्ष्यांना शिव्या देत. सफरीत फक्त क्लब-परमिट, म्हणजे जुन्या गाडीचा खास परवाना, असलेल्या गाड्या येतात. आणि परमिटसाठी गाडीला पंचवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

म्हणून तर बेडकी! ममची, म्हणजे ब्रायनीच्या आईची, पहिली गाडी, सहा वर्षं शेडमध्ये पडलेली. ब्रायनीला सोळा वर्षं पूर्ण झाली, शिकाऊ परवाना मिळाला, आणि तिने ठरवून टाकलं: पुढच्या रविवारच्या सफरीत नागाम्बीच्या तळ्यावर पॉपना आपण न्यायचं. शेजारच्या सीटवर मम, मागे पॉप. ब्रेक, टायर, दिवे, सगळं झालं होतं. उरली होती क्लबची तपासनीस ग्लेनिस टुलक.

ग्लेनिस शनिवारी सकाळी आली, गाडीखाली टॉर्च मारून बघितलं, हॉर्न वाजवला, सीटचे पट्टे ओढून पाहिले.

"झकास आहे गं! आता फॉर्म. गाडी कधीची?"

"अठरा नोव्हेंबर दोन हजार!" ब्रायनीने ठणकावून सांगितलं. घरात सगळ्यांना पाठ होतं. ममच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला घेतली होती, आणि दर वर्षी केकवर बेडकीचीही एक मेणबत्ती असायची.

ग्लेनिसचं पेन थांबलं. "आज अकरा ऑक्टोबर दोन हजार पंचवीस."

"मग?"

"मग पंचवीसला अजून पाच आठवडे आहेत, राणी."

इतकं घासलं, पुसलं, आणि बोटांवर मोजायचंच राहिलं!

"पाचच आठवडे तर आहेत ग्लेनिस, चालवून घ्या ना!"

"तुझ्या पॉपनी क्लबचे सेक्रेटरी असताना माझ्या नवऱ्याला गाडीचे बारा दिवस कमी पडले म्हणून परत पाठवलं होतं. विचार त्यांना."

"अकरा," शेडच्या दारातल्या खुर्चीतून पॉप म्हणाले. "आणि बरोबरच केलं होतं. जाऊ दे बाळा, पुढच्या वसंतात जाऊ."

पुढच्या वसंतात! ब्रायनीने मागे उभ्या असलेल्या ममकडे बघितलं. तोवर तर कडाही गेलेल्या असणार!

"अगं, पण कारखान्याची पट्टी कुठे आहे?" ग्लेनिसने बॉनेटखाली डोकं घातलं. "विकत कधी घेतली ते मला नकोय. कारखान्यात कधी बनली ते पट्टीवर असतं. फॉर्मवर तेच लागतं."

पट्टीच्या जागी सापडलं एका रेडिओ स्टेशनचं चिकट, काळं पडलेलं स्टिकर.

"मम!"

"मी एकोणीस वर्षांची होते," मम म्हणाली. "मला वाटलं, छान दिसतंय."

ब्रायनी निलगिरीच्या तेलाची बाटली घेऊन आली. थोडं तेल, चिंधी, नख, पुन्हा तेल. सगळ्या शेडला सर्दीच्या औषधाचा वास सुटला. आधी एक शून्य उमटलं. मग तीन.

"शून्य-तीन, शून्य-शून्य," ब्रायनीने वाचलं. "म्हणजे... मार्च? मार्च दोन हजार!"

"शक्यच नाही," पॉप म्हणाले. "मी स्वतः होतो ना बरोबर! शोरूममधून कोरी आणली."

"कोरीच होती, डॅड," मम हसायला लागली, आणि हसणं आवरेचना. "विक्रेता काय म्हणाला आठवत नाही? आठ महिने आवारात उभी आहे, हा रंग बघून माणसं पळतात, म्हणून स्वस्तात घ्या!"

पॉप असे खदखदून हसले की खुर्ची करकरली. "पंचवीस वर्षं नावं ठेवली बिचारीच्या रंगाला, आणि तोच कामी आला!"

ग्लेनिसने सही ठोकली. "सोमवारी कागद घेऊन परवाना कार्यालयात जा. आणि लक्षात ठेव, चाक फिरायच्या आधी परमिटच्या लॉगबुकात त्या दिवसाची तारीख, पेनाने. नाहीतर मीच पकडीन."

रविवारी ब्रायनीने लॉगबुकाच्या पहिल्या ओळीत तारीख लिहिली, इतक्या जोराने की मागच्या पानावरही उमटली. मग निघाले. पुढे ग्लेनिस, मागे अकरा गाड्या, दोन्ही बाजूंना मोहरीसारख्या कनोलाची पिवळी शेतं. पॉप मांडीवर सॉसेज रोलचा डबा धरून अखंड सूचना देत होते.

"तिसरा गिअर टाक. हळू. हळू गं!"

"पॉप, तुम्हाला दिसतंय का तरी?"

"कडेचं सगळं दिसतंय. कडेलाच तर मजा आहे."

वळणावर डावीकडे नागाम्बीचं तळं उघडलं. पॉप खिडकीशी तिरके झाले, डोळ्याच्या कोपऱ्यातून बराच वेळ बघत राहिले. सूचना बंद.

"काय झालं पॉप?"

"काही नाही गं," ते म्हणाले. "हे तळं तर बेडकीच्याच रंगाचं आहे. चाळीस वर्षं येतोय, आणि कधी लक्षात नाही आलं."