एकाची दोन समुद्रफुलं

मत्स्यालयातल्या टाक्या ताईच्या हाती येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधी बावीस वर्षं त्या काकांनी सांभाळल्या. निवृत्त होताना ते एवढंच म्हणाले, "बाकी तुला जमेल. या समुद्रफुलाला तेवढं जप."

समुद्रफूल नावालाच फूल; आहे तो प्राणी. तळव्यानं खडकाला चिकटलेला, मधोमध तोंड आणि भोवती बोटांसारखे लवलवते धागे.

सोमवारी सकाळी ताईनं टाकीचा दिवा लावला आणि ती झटकन काचेशी वाकली. समुद्रफूल दोन्हीकडून ओढल्यासारखं लांबट झालं होतं. मधला भाग ओल्या कागदासारखा पातळ, आणि त्याला चक्क भोक. तिनं पाण्यातलं मीठ तपासलं, ऊब तपासली. सगळं ठीक. मग तिनं काकांना फोन लावला. उचलला काकूंनी.

"ते दाढीला गेलेत कोपऱ्यावर. फोन इथेच बोंबलतोय."

ताई धावतच सुटली. काका खुर्चीत, एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस.

"काका, मी मारलं हो त्याला! मधून फाटत चाललंय!"

"थांब, रडू नकोस. दोन्ही बाजू विरुद्ध दिशांना सरकतायत का?"

"हो..."

काका गळ्यातल्या कापडासकट उठले. न्हावी ओरडला, "अहो, अर्धीच झालीय!"

"राहू दे! तिकडे एकाचे दोन होतायत!"

टाकीपाशी पोचल्यावर काकांनी काचेला नाकच लावलं. "मरत नाहीये गं. तळव्याचा अर्धा भाग इकडे चालतो, अर्धा तिकडे. ताण वाढत वाढत मधून तुटतं. मग दोघंही आपापली जखम मिटवतात आणि जे नाही ते नव्यानं उगवतात."

"पण कशासाठी?"

"एका जागी चिकटलेला जीव. जोडीदार शोधायला कुठे जाणार? जागा मानवली की स्वतःचीच वाटणी करतो आणि खडक व्यापतो. कधी पोट भरलेलं असतं म्हणून, कधी भेदरून. नक्की कोणालाच ठाऊक नाही. खायला किती देतेस?"

"आठवड्यातून दोनदा," ताई चाचरत म्हणाली.

"मी एकदाच द्यायचो. कंजूष मेला!" काकांनी कपाळावर हात मारला. "बावीस वर्षं वाट पाहिली मी याची. अन् तू दोन महिन्यांत..."

ताईला वाटलं, रागावले. पण ते हसत होते आणि डोळे पुसत होते.

"मग यातली आई कोणती?"

"दोन्ही. नाहीतर एकही नाही. भांडणच नको!"

दुपारी दोघांना जोडणारा शेवटचा पातळ पापुद्रा तुटला. दोन्ही अर्धुकं गपकन आक्रसली आणि ताईनं काकांचा हात घट्ट धरला. तोवर काकूही डबा घेऊन आल्या होत्या. "घरी येऊन रोज याचंच कौतुक सांगायचे," त्या म्हणाल्या, "म्हटलं, सवत बघून तरी यावी. तर इथे दोन निघाल्या!"

काकांनी बजावलं, जखम भरेपर्यंत घास द्यायचा नाही. ताईला ते जड गेलं, पण तिनं पाळलं. दहाव्या दिवशी दोघांनाही इवलंसं गोल तोंड आलेलं दिसलं. तिनं चिमट्यानं कोळंबीचा बारीक तुकडा आधी डावीकडच्याला दिला, मग उजवीकडच्याला. दोघांनी एकापाठोपाठ धाग्यांच्या मुठी मिटल्या, आणि ताई रिकाम्या दालनात एकटीच टाळ्या वाजवत राहिली.