उष्टा लेप

प्रयोग यशस्वी ठरला तर ताईला कायमची खुर्ची मिळणार होती, शोधनिबंधावर पहिलं नाव मिळणार होतं, आणि "कंत्राटी" म्हणून वर्षानुवर्षं तोंडदेखलं हसणाऱ्यांची तोंडं परस्पर बंद होणार होती. थोरल्या बहिणीला औषध मिळणार होतं, ते वेगळंच. लोकांना सांगताना ताई ते आधी सांगायची. मनात मांडताना मात्र ते शेवटी यायचं.

थोरलीच्या मूत्रपिंडाची चाळणी गळत होती. रक्तातलं प्रथिन लघवीवाटे जायचं. सकाळी डोळे सुजायचे, संध्याकाळी पाय. तिच्या डॉक्टरांनी जालीम इंजेक्शनं सुचवली, तेव्हा तिनं प्रयोगशाळेत फोन करून विचारलं, "तुझं औषध येतंय ना गं? मग थांबू का मी?"

ताई तेव्हा पेशी वाढवायच्या डिश पुसत होती. "हूं," म्हणाली.

हो नाही आणि नाहीही नाही. पुढेमागे आपल्यावर काही शेकू नये म्हणून माणसं असंच बोलतात.

ताईचं काम नेमकं त्याच चाळणीच्या पेशींवर. या पेशी बारीकशा रक्तवाहिनीला पायांनी विळखा घालून बसतात आणि पायांमधल्या फटींतून रक्त गाळलं जातं. पायांच्या आत ताणलेल्या तंतूंचा सांगाडा, आणि तळाशी जमीन धरून ठेवणारी पकड. पकड पक्की तर सांगाडा ताठ. ती सुटली की तंतू गोळा होतात, पाय पसरट पडतात. खुंट्या उपटलेल्या तंबूची गत. ताईच्या डिशमध्ये औषध घातलेल्या पेशी फांद्या पसरून दिमाखात उभ्या होत्या, बिनऔषधाच्या लोळागोळा. निबंध छापूनही आला. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, इतके खूश, की अधिवेशनातलं भाषणही ठरवून मोकळे झाले.

"ताई, खुर्चीला गादी कसली हवी?" सूक्ष्मदर्शक सांभाळणारा, सगळे ज्याला दुर्बीणच म्हणायचे तो पोरगा, चिडवायचा.

"आधी खुर्ची तर येऊ दे, मेल्या!"

पण तिला चैन पडेना. भाषणासाठी आणखी झकास छायाचित्र हवं, असं स्वतःलाच बजावत तिनं प्रयोग पुन्हा मांडला.

पेशींना पाय रोवता यावेत म्हणून डिशच्या तळाला आधी एका महागड्या प्रथिनाचा लेप द्यावा लागतो. सरांच्या हाताखाली तयार झालेली माणसं भारी काटकसरी. पहिल्या ओळीत द्रव ओतायचा, तळाला चिकटला की उरलेला उपसून दुसऱ्या ओळीत. थेंब वाया जाता कामा नये. पहिली ओळ औषधवाल्यांची, पाहुण्याला आधी वाढावं तशी. या खेपेला बाटली नवी, काठोकाठ भरलेली. ताईचा हात जरा सैल सुटला; तिनं दोन्ही ओळींना ताजा लेप दिला.

पेशी वाढल्यावर दुर्बीणनं डोळा लावला आणि मान वर केली.

"ताई, चिठ्ठ्या उलट्यापालट्या चिकटवल्यात का?"

"का रे?"

"दोन्हीकडे सारख्याच ठणठणीत. बिनऔषधवाल्या तर जरा जास्तच ऐटीत."

ताईनं पाहिलं. हात धुतले. परत पाहिलं, परत धुतले. जिना उतरली आणि कशासाठी ते न आठवून वर आली. उपसलेल्या द्रवात प्रथिन उरतच नसणार. म्हणजे दुसऱ्या ओळीतल्या पेशींना धरायला जमीनच नव्हती. किमया लेपाची होती, औषधाची नव्हेच. तरी आशा मोठी चिवट. तिनं ओळी उलटवल्या, उष्टा द्रव औषधवाल्यांना दिला. औषध पिऊनही त्या आडव्या झाल्या.

सर ऐकताना पेन बोटांत फिरवत राहिले. "अधिवेशन होऊ दे. मग दुरुस्ती छापू."

"आणि मधल्या काळात?"

"मधल्या काळात कोण मरतंय?"

ताई बाहेर आली आणि फोन लावला. थोरलीनं पहिल्याच घंटेला उचलला.

"आज तर बूटच चढेना पायात. काय म्हणतंय तुझं औषध?"

"उद्याच्या उद्या इंजेक्शनं सुरू कर. त्या औषधात काही नाही. आमचीच चूक होती."

पलीकडे बडबडणारा टीव्ही थोरलीनं बंद केला.

"मग इतके महिने मी कशासाठी थांबले गं?"

"मी थांबू नको म्हणायला हवं होतं."

"तू हूं म्हणालीस."

"हो."

"अगं, नाही म्हणाली असतीस तर मी काय खाणार होते तुला?"

ताईनं फोन ठेवला. ती तशीच सरांकडे परतली आणि म्हणाली, "निबंध मागे घ्या, नाहीतर संपादकांना मी लिहिते."

निबंध मागे घेतला गेला. सरांनी भाषणाचा विषय बदलला. टाळ्या त्यांना नव्या विषयालाही मिळाल्या. निबंधावर पहिलं नाव ताईचं, म्हणून बोलणीही पहिली तिलाच बसली. खुर्ची दुसऱ्या विभागात गेली. थोरलीची सूज इंजेक्शनांनी उतरली, पण चाळणीच्या झडून गेलेल्या पेशींची जागा पुन्हा नीटशी भरत नाही, हे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. शेजारी बसलेल्या ताईला ते आधीपासूनच ठाऊक होतं. वाचला तो बाटलीतला थोडा द्रव; गेलं ते थोरलीचं मूत्रपिंड, आणि तिनं तर त्या प्रयोगातली एक डिशही कधी हातात धरली नव्हती.