गोंदियाचा चंद्र

जमुनाबाईंचं दुखणं एकच. संकष्टीला भिंतीवरचं कॅलेंडर मुंबईचा चंद्रोदय सांगे. गोंदिया पूर्वेला, तिथला चंद्र अर्धा तास आधीच उगवतो. पण आभाळ भरलेलं असलं की गोंदियातल्या त्यांच्या कुडवा भागातल्या बायका मुंबईसाठी उपाशी बसत. "आता आमची सून कॉम्प्युटरवर आपली वेळ काढून देते," असं त्या देवळात सगळ्यांना सांगून आल्या होत्या.

सून गुंजन. चंद्राचं गणित काही तिचं नव्हतं. कुण्या जाणत्यानं ते फार पूर्वी सी भाषेत लिहून, यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवलेलं. तिनं पायथन या दुसऱ्या संगणकभाषेतून त्याला हाक मारायची, गोंदियाच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे हाती द्यायचे, उत्तर घ्यायचं.

दुपारी उत्तर आलं: आज चंद्रोदय नाही.

"चतुर्थीले चंद्र सुट्टीवर गेला का वं?" जमुनाबाई दारातच थबकल्या. मागे शेजारीण मंजू होतीच. "काऊन मावशी, मशीननं चंद्र खाल्ला का?"

गुंजननं त्या गणिताच्या माहितीचं पान पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. रेखांश आधी द्यायचा होता, तिनं अक्षांश दिला होता. पायथन चुकलं की आरडाओरडा करतं. हे सीमधलं गणित म्हणजे तिचे सासरे दुर्गाप्रसाद: भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं जेवून उठणार. त्या गणितानं गुपचूप गोंदिया उचलून उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात नेऊन ठेवलं.

"तिथं सध्या चंद्र मावळतच नाही, आई. मग उगवेल कसा?"

"अगं माय!" जमुनाबाई खरंच हळहळल्या. "मंग तिथल्या बायका उपास कवा सोडत असतीन?"

गुंजननं आकड्यांची अदलाबदल केली. आठ चौतीस.

आठ चौतीसला गच्चीवर नुसते ढग. "मी तं बाई कॅलेंडराच्या नऊ-पाचलेच सोडीन," मंजू म्हणाली. जमुनाबाई अर्घ्याचं पाणी घेऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांचं व्रत, आणि भरवसा सकाळपासून उपाशी असलेल्या या पोरीच्या आकड्यांवर.

"गुंजन, तू सोडून राहिली का?"

"हो, आई." गुंजननं ढगाकडे पाहून अर्घ्य दिलं, हात जोडले, प्रसादाचा मोदक तोंडात टाकला.

सासूनं क्षणभर तिचा चेहरा न्याहाळला. मग स्वतःही अर्घ्य देऊन ताटावर बसली.

मंजू पाच मिनिटं उभी राहिली. वरणाचा वास कठड्यापर्यंत आला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आमचं घर तुमच्या पूर्वेले हाये ना? मंग आमचा तं कवाचाच निघाला असल."

आणि ताट आणायला पळाली.